थोरल्याचं अक्षर

शाईताईला आपला धंदा कुणाला समजावून सांगायचा म्हणजे मोठी पंचाईत व्हायची. तरुणपणी एका लग्नात तिनं "मी नकला करते" असं सांगितलं, तर शेजारच्या काकूंनी खुर्चीच पुढे ओढली. "मग करून दाखव की एखादी! आमच्या ह्यांचीच कर." तेव्हापासून ती पहिल्यापासून सगळं सांगायची. वाद्यवृंदात चाळीस-पन्नास माणसं वाजवतात. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्यापुरतं वाजवायचं लिहिलेली पानं असतात, त्याला पार्ट म्हणतात. संगीतकाराच्या मूळ वहीवरून ते पार्ट हातानं उतरवून काढायचे, हे आपलं काम. एवढं ऐकेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असायचा.

बत्तीस वर्षं तिनं हे काम केलं. उजव्या हाताचं मधलं बोट शाईनं कायमचं काळंनिळं झालं होतं, आणि वाद्यवृंदातल्या कुणीतरी दिलेलं शाईताई हे नाव पुढे घरापर्यंत पोचलं. मग संगणक आले. बटण दाबलं की पन्नास पार्ट छापून बाहेर. तिचं काम पावसाळ्यानंतरच्या ओढ्यासारखं हळूहळू आटत गेलं. तिचा नवरा ट्रामचालक होता, तोही त्याच सुमारास निवृत्त झाला. तो म्हणाला, "माझी ट्राम गेली, तुझी शाई गेली. आता बसू दोघं खिडकीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवू."

पण खिडकीत बसायची वेळ आलीच नाही. एका मंगळवारी सकाळी सिनेमाच्या कचेरीतून फोन आला.

सिनेमा मोठा होता. दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका संगीतकार घराण्याचा. वडील आणि दोन मुलगे, तिघंही नामांकित, तिघांच्याही वॉल्ट्झवर, म्हणजे जोडीनं गिरक्या घेत नाचायच्या संगीतावर, साऱ्या शहरानं पाय झिजवलेले. वडील गेल्यावर त्यांच्या वाद्यवृंदाची गादी कुणाची यावरून थोरल्या आणि धाकट्या भावाचं बिनसलं. धाकट्यानं स्वतःचा वेगळा वाद्यवृंद काढला. पुढे अकरा वर्षं, धाकटा मरेपर्यंत, दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. ही गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ होती, आणि सिनेमाचा सगळा डोलारा याच भांडणावर उभा होता.

शाईताईचं काम हाताचं होतं. संगीतकार लिहिताना दिसतात तेव्हा पडद्यावर जवळून हात दाखवायचा, आणि तो हात खरोखर लिहिणाऱ्याचा हवा. वडलांचं काम करणाऱ्या नटाला पिसाची लेखणी धरता येत नव्हती. थोरल्याचं काम करणाऱ्याची नखं कुरतडलेली. धाकट्याचं काम करणारा डावखुरा.

"म्हणजे तिघांचाही हात मीच?" तिनं कचेरीतल्या माणसाला विचारलं.

"तिघांचाही. पण अक्षर तिघांचं वेगवेगळं हवं."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पोटभर हसला. "शेवटी नकला करायचीच वेळ आली म्हण की!"

सिनेमाचं काम शहराबाहेरच्या एका जुन्या गोदामात चाललं होतं. आत शिरताच शाईताईचे डोळे दिपले. नाचाचं एक आख्खं दालन उभं केलेलं. खांब संगमरवरी दिसायचे, पण बोटानं टकटक केलं की लाकूड बोलायचं. एका बाजूला चाळीस बायका शिवणयंत्रांवर वाकलेल्या. छताला एवढं मोठं झुंबर, की वर चढवायला आठ माणसं दोराला लटकायची. दिग्दर्शक रोज वर बघून म्हणायचा, "अजून थोडं मोठं नाही का होणार?" त्यामुळे पाठीमागे त्याला सगळे झुंबरसाहेब म्हणत.

शाईताईला पहिले तीन आठवडे फक्त सराव होता. तिला जुन्या कागदांच्या फोटोंवरून तिघांचं लिखाण गिरवायला दिलं होतं. वडलांचं अक्षर ऐसपैस, घाईचं, जागोजाग डाग. धाकट्याचं उजवीकडे कललेलं, वाऱ्यानं गवत झुकावं तसं. थोरल्याचं मात्र तिच्या हाताला काही केल्या बसेना. तो ओळीच्या आरंभीची वेलांटीसारखी खूण सगळे काढतात तशी आतून बाहेर न काढता खालून वर काढायचा, आणि मध्ये एकदा लेखणी उचलायचा. त्यामुळे तिथं तिळाएवढी फट राहायची. थांब्याची, म्हणजे वाजवणाऱ्यानं कुठे थांबायचं त्याची, खूण काढताना शेवटी एक बारीक आकडा वळवायचा, गळासारखा. तिनं कागदांचे ढीग लिहून टाकले. फटीसाठी मुद्दाम थांबावं तर अक्षर मेल्यासारखं दिसायचं.

"फोटोवरून जमायचं नाही," ती झुंबरसाहेबांना म्हणाली. "मला मूळ कागद बघायला हवेत. लेखणी कुठे दाबली, कुठे उचलली, ते कागदावरच कळतं."

असे कागद एकाच माणसाकडे होते. थोरल्याचा पणतू. घराण्यात आता तेवढाच उरलेला. वय अठ्ठ्याहत्तर, धंद्यानं दातांचा डॉक्टर, दवाखाना बंद करूनही सात वर्षं झालेली.

डॉक्टरांनी दार उघडलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "बाई, आधीच सांगून ठेवतो. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. लोकांना वाटतं रक्तात असेल. आमच्याकडे ते आजोबांपर्यंत आलं आणि तिथंच संपलं."

कागद त्यांनी दवाखान्याच्या जुन्या पोलादी कपाटात ठेवले होते. दाताच्या साच्यांच्या खोक्यांवर एक गठ्ठा, क्ष-किरणांच्या फिल्मच्या पाकिटांमागे दुसरा. शाईताईनं खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, हात धुतले, पुसले, आणि बसली. डॉक्टर दर दोन तासांनी कॉफी आणायचे आणि कप कागदांपासून हातभर लांब ठेवायचे. त्यांची समज चांगली होती.

चार दिवसांत थोरल्याचं अक्षर तिच्या बोटांत उतरलं. तो लेखणी उचलायचा ती श्वास घेण्यासाठी. गायकानं मध्ये श्वास घ्यावा तसा. हे कळल्यावर फट आपोआप पडायला लागली.

पाचव्या दिवशी तिनं धाकट्याचा गठ्ठा काढला. यात मूळ वह्या होत्या, आणि धाकट्याच्या वाद्यवृंदाचे पार्टही. वर्षावार बांधलेले. भांडणाच्या पहिल्या वर्षाचं पुडकं तिनं सोडलं. व्हायोलिनचे पार्ट, बासरीचे, शिंगांचे, सगळे एका पगारी नकलनवीसाच्या हातचे. गोल, नीटस, कंटाळवाणं अक्षर. शाईताईला त्या माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली. मग तिनं त्यातला सगळ्यांत वरचा पार्ट उचलला. धाकटा स्वतः व्हायोलिन हातात घेऊन, उभा राहून वाद्यवृंद चालवायचा. हा त्याचा स्वतःचा पार्ट होता.

ती वाचायला लागली आणि तिची उजव्या हाताची बोटं कापडावर आपोआप हलली. खालून वर. उचल. मग पुढे.

ती थांबली. चष्मा पुसला, भिंग घेतलं. फट होती. थांब्याच्या शेवटी गळ होता. एका ठिकाणी नाही, प्रत्येक ओळीत.

तिनं पुढच्या वर्षाचं पुडकं सोडलं. सगळे पार्ट नकलनवीसाचे, धाकट्याचा तेवढा थोरल्याच्या हातचा. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. अकराही वर्षं तसंच. तिनं ते अकरा पार्ट टेबलावर एकापुढे एक मांडले आणि तेव्हा तिला दुसरी गोष्ट दिसली. पहिल्या वर्षीचे सुरांचे ठिपके मोहरीच्या दाण्याएवढे होते, कुणीही लिहील तेवढे. तिसऱ्या वर्षी मुगाएवढे. सातव्या वर्षी वाटाण्याच्या जवळ गेलेले. आणि शेवटच्या वर्षी चांगले टपोरे हरभऱ्याएवढे, दाट शाईचे, रेघांमध्ये भरपूर जागा सोडून लिहिलेले.

"डॉक्टर," तिनं हाक मारली. "जरा येता का?"

डॉक्टर कॉफी गाळत होते, ते गाळणं हातात घेऊनच आले.

"तुमच्या या धाकट्या पणजोबांची नजर कशी होती?"

"नजर? काही ऐकिवात नाही. चष्मा लावलेलं एकही चित्र नाही त्यांचं. रुबाबदार होते म्हणतात, फार मिजास."

"त्यांना दिसत नव्हतं," शाईताई म्हणाली. "दर वर्षी थोडं थोडं कमी होत गेलं. बघा ना. कुणाला कळू दिलं नसणार. उभं राहून सगळ्यांदेखत वाजवायचं, आणि समोरचं दिसत नाही! पण एकाला माहीत होतं. त्यानं दर वर्षी हा एक पार्ट स्वतः लिहून दिला, बहुतेक या नकलनवीसाच्याच हाती. हे अक्षर तुमच्या पणजोबांचं आहे. थोरल्यांचं."

डॉक्टर वाकून बघत राहिले. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण लहानमोठं कळायला वाचता कशाला यायला हवं? आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं.

"अहो पण ते बोलत नव्हते ना? आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझी आजी सांगायची, रस्त्यात समोरून आले तरी एक जण पलीकडच्या कडेला जायचा."

"असेल की. बोलत नव्हतेच."

डॉक्टर खुर्चीवर टेकले. म्हणाले, "बोलत नव्हते. लिहीत नव्हते असं कुणीच म्हणालं नव्हतं, नाही का?"

शाईताईनं त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली. ती नकलनवीसालाच दिसण्यासारखी होती. सूर मोठे झाले की पानं वाढतात. शेवटच्या वर्षी चार पानांचा पार्ट अकरा पानांचा झाला होता. पान वाढलं की ते उलटायला हात मोकळा हवा, आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले. म्हणून चांगला नकलनवीस पान अशा जागी संपवतो, की तिथं वाजवणाऱ्याला थोडा थांबा असावा. थोरल्यानं दहाच्या दहा जागी ते साधलं होतं. एका पानावर त्यासाठी शेवटच्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या, दुसरीकडे सूर जरा दाटीनं बसवले होते, पण बारीक केले नव्हते.

"यासाठी आधी सगळं मोजून घ्यावं लागतं," ती म्हणाली. "कच्चं लिहावं लागतं, मग पक्कं. एवढा मोठा संगीतकार, राजवाड्यात वाजवणारा. आणि बसलाय भावाची पानं मोजत. हे आमच्यासारख्यांचं काम."

"धाकट्यांना कळलं असेल?"

"एका टेबलावर बसून दोघं लिहायला शिकले. भावाचं अक्षर ओळखणार नाहीत?"

"मग एकदा तरी बोलायचं!"

शाईताई हसली. "बोलले असते, तर पुढच्या वर्षी पार्ट आला असता की नाही कोण जाणे. काही माणसांचं तसंच असतं हो. तोंड उघडलं की बिघडतं."

दुसऱ्या दिवशी ती गोदामात गेली आणि झुंबरसाहेबांना गाठलं. ते शिडीच्या खाली उभे राहून वर मेणबत्त्या लावणाऱ्याला सूचना करत होते. पण तिचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकलं, मध्ये तोडलं नाही. मग हताश होऊन दालनाकडे हात केला.

"बाई, हे बघा. दोनशे नाचणारे आहेत. या टोकाला थोरल्याचा वाद्यवृंद, त्या टोकाला धाकट्याचा. दोघं एकमेकांवर कुरघोडी करत वाजवतात, नाचणाऱ्यांना कुणाच्या तालावर पाय टाकावा कळत नाही. हा माझ्या सिनेमाचा प्राण आहे. आता तुम्ही म्हणता भांडण खोटं?"

"खोटं कुठं म्हणते? भांडण खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं."

"तेवढंच नव्हतं हे दाखवायला मला आणखी एक सिनेमा काढावा लागेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिलाही वाद घालवेना. तिनं एवढंच विचारलं, "नाचाच्या दिवशी स्टँडवर जे पार्ट ठेवायचे ते मीच लिहितेय. ते मुळाप्रमाणेच लिहू ना?"

"लिहा ना. कॅमेऱ्यात कोण वाचायला बसलंय?"

तिनं अकरा दिवस लिहिलं. नकलनवीसाचे पार्ट त्याच्या गोल, कंटाळवाण्या अक्षरात. धाकट्याचा पार्ट थोरल्याच्या अक्षरात, हरभऱ्याएवढ्या सुरांनी, अकरा पानं. नवरा शाई ढवळून द्यायचा आणि वाळत घातलेल्या पानांवर लक्ष ठेवायचा. एकदा म्हणाला, "मीसुद्धा बत्तीस वर्षं गाडी चालवली. कुणी म्हातारं माणूस पळत येताना आरशात दिसलं की थांब्यावर उगीच दोन मिनिटं जास्त काढायचो. वर तोंडानं ओरडायचो, चला आजोबा, किती वेळ! तशातलाच प्रकार दिसतोय हा."

"तशातलाच," ती म्हणाली.

नाचाचं चित्रण सुरू झालं. झुंबर वर गेलं, मेणबत्त्या पेटल्या, दोनशे माणसं रेशमी घोळ सावरत उभी राहिली. शाईताई एका खांबामागे स्टुलावर बसली होती, न जाणो एखादं पान फाटलं तर. धाकट्याचं काम करणारा नट उंच, तरतरीत होता. आठ महिने त्यानं व्हायोलिन धरायचा, गज चालवायचा सराव केला होता. डावखुऱ्याला उजव्या हातानं. तो स्टँडपाशी आला, गज उचलला, आणि खाली केला.

"हे काय? बालवाडीचं पुस्तक आहे का?"

मागचे वादक हसले. झुंबरसाहेबांनी वैतागून शाईताईकडे बोट दाखवलं. ती उठून गेली आणि हळू आवाजात त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. धाकट्याची नजर गेली होती. हे कुणाला माहीत नव्हतं. हे थोरल्यानं लिहिलंय. अकरा वर्षं लिहीत होता.

नट तिच्याकडे बघतच राहिला. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही आत्ता विचारलंत."

त्यानं पहिलं पान बोटानं चाचपलं, मग दुसरं. पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

पुढचा प्रसंग असा होता: धाकट्यानं वाजवता वाजवता मान वर करायची, दालनापलीकडे थोरल्याकडे खुन्नस देऊन बघायचं, आणि आणखी जोरात वाजवायचं. संगीत सुरू झालं. नाचणारे फिरायला लागले. नटानं वाजवताना मान कागदाच्या जवळ नेली, नीट बघावं लागतंय तशी. पान संपलं, थांबा आला, त्यानं हात मोकळा करून पान उलटलं आणि तेव्हाच वर बघितलं. नजर रागाचीच होती. ज्याचं आपल्यावर ऋण आहे आणि ज्याला ते कधी बोलून दाखवता येणार नाही, त्याच्यावर माणूस रागावतो तसली. दालनापलीकडच्या थोरल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तो ठरल्याप्रमाणे ताठ उभा होता. धाकट्यानं डोळे पुन्हा कागदावर नेले आणि वाजवायला लागला. जोरात नाही, नुसतं बरोबर.

झुंबरसाहेबांनी थांबायला सांगितलं तेव्हा दोनशे माणसं जागच्या जागी थांबली. कॅमेरावाल्यानं विचारलं, "पुन्हा एकदा घेऊ?"

"नको," झुंबरसाहेब म्हणाले. खांबापाशी येऊन त्यांनी कपाळ पुसलं. "बाई, उद्या तुमचा हात मोकळा आहे का?"

दुसऱ्या दिवशीचं काम अगदी छोटं होतं, पण गंमत अशी की तेच सगळ्यांत जास्त वेळ चाललं. थोरल्याचं काम करणारा नट हटून बसला: लिहिताना माझा चेहराही दिसला पाहिजे. म्हणजे चेहरा त्याचा आणि हात शाईताईचा. शेवटी ती त्याच्या मागे बुटक्या स्टुलावर बसली आणि त्याच्या कोटाच्या उजव्या बाहीतून तिचा हात पुढे आला. त्याचा स्वतःचा हात कोटाच्या आत पोटाशी बांधलेला. रंगभूषेवाल्यानं तिच्या मनगटावर एकेक केस चिकटवला, शिरा रंगवल्या. "ताई, हलू नका हो, मिशी हातावर येईल," तो म्हणाला, आणि बाहीच्या मालकासकट सगळे हसले.

तिला कागद दिसत नव्हता. नटाच्या पाठीला गाल टेकवून ती नुसत्या अंदाजानं लिहीत होती. खालून वर. उचल. मग पुढे. टपोरा सूर, शेजारी दुसरा टपोरा सूर, ओळीच्या शेवटी थांबा. सहा वेळा लिहून घेतलं. पाचवं चांगलं झालं, असं तिला स्वतःला वाटलं, आणि नेमकं तेच ठेवलं गेलं.

सिनेमा लागला त्या आठवड्यात ती, नवरा आणि डॉक्टर असे तिघं दुपारच्या खेळाला गेले. भांडण होतं तसंच होतं, झुंबर तर विचारूच नका. पण नाचाच्या आधी अर्धा मिनिट एक माणूस एकटाच बसून मोठे मोठे सूर लिहिताना दिसत होता. त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. मग नाच, पान उलटणं, ती नजर. मागच्या रांगेतल्या बाईनं शेजारणीला विचारलं, "एवढं मोठं कशाला लिहीत होता गं?"

"भावासाठी. त्याला दिसत नाही ना."

"पण ते तर बोलत नाहीत."

"म्हणून तर," शेजारीण म्हणाली. "गप्प बस आता, बघू दे."

डॉक्टरांनी अंधारात शाईताईच्या हातावर एकदा थोपटलं. नवऱ्याचं लक्ष पडद्यावर होतं, तोंड उघडं.

वर्तमानपत्रांनी कपड्यांचं कौतुक केलं, झुंबराचं केलं, नाचाचं केलं. एका विद्वानानं लिहिलं की थोरल्याचा तो प्रसंग पदरचा आहे, त्याला आधार नाही. ते वाचून डॉक्टरांना इतका राग आला, की त्यांनी त्याच दिवशी मोठ्या ग्रंथालयाला फोन लावला. सगळे गठ्ठे देतो, म्हणाले, पण एका अटीवर. त्यांची यादी शाईताई करतील, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

त्या विद्वानाला पुढे तिनंच ते अकरा पार्ट दाखवले. तो तासभर भिंग घेऊन बसला आणि जाताना म्हणाला, "चूक झाली." एवढंच. तिला ते पुरेसं वाटलं.

आता ती सोमवार ते गुरुवार ग्रंथालयात जाते. उत्तरेकडच्या खिडकीजवळ तिला टेबल दिलंय. धाकट्याचं काम पुरं झालं, थोरल्याचं अर्ध्यावर आलंय. वडलांच्या गठ्ठ्याला अजून हात लावलेला नाही. त्यात डाग फार आहेत, सावकाश घ्यावं लागेल.